उजवीकडे उंच

थोरलीच्या पोटदुखीची सुरुवात सासूबाईंच्या तोंडातून झाली. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंची कवळी थोरलीनेच करून दिली होती, आणि ती कवळी दिवसाचा बराचसा वेळ पाण्याच्या वाटीत पडलेली असायची. "टोचते गं," म्हणायच्या सासूबाई, आणि पाहुणे आले की पाठ फिरवून ती घालायच्या. मग धाकट्या सुनेने हौसेने नवी करून दिली. त्या दिवसापासून कवळी तोंडातून निघेना. सासूबाई दाणे खायला लागल्या, मोठ्याने हसायला लागल्या आणि शेजारणीसमोर म्हणाल्या, "आता कुठे दात दात वाटतायत." थोरली तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एकाच चादरीची घडी चारदा घातली आणि चारदा मोडली.

या दोघी जावा एकाच ठिकाणी कामाला होत्या. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे यायचे, त्यांवरून कवळ्या करून परत पाठवायच्या, असा त्या लॅबचा धंदा होता. मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणत. तळमजल्यावर प्लास्टरची खोली होती, तिथे भिंतीपासून चहाच्या कपापर्यंत सगळं पांढरं असायचं. वरच्या खोलीत लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि एक छोटं घासायचं मशीन, आणि खिडकीपाशी तपासणीचं टेबल. त्या टेबलाशी थोरली अकरा वर्षं बसत होती. तयार झालेली प्रत्येक कवळी तिच्या हातून गेल्याशिवाय लॅबच्या बाहेर पडत नसे. तिच्याकडे दोन शिक्के होते, हिरवा 'ठीक'चा आणि लाल 'परत'चा. डॉक्टर मंडळी म्हणायची, हिरवा शिक्का असला की आम्ही डबी उघडूनसुद्धा बघत नाही. हे वाक्य थोरलीने घरी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

धाकटीला इथे आणलं तेही थोरलीनेच. लग्न होऊन आली तेव्हा ती दिवसभर घरात रिकामी बसून कंटाळायची. थोरलीला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर आपल्या हाताखाली कोणी असावं असंही वाटलं. मेण कसं तापवायचं, दात कसा बसवायचा, निळा कागद कसा धरायचा, सगळं तिने शिकवलं. वर्षभर धाकटी चुकत राहिली आणि थोरली समजावत राहिली. थोरलीच्या आयुष्यातलं ते फार सुखाचं वर्ष होतं.

पुढच्या दोन वर्षांत मात्र धाकटीने पाहता पाहता मजल मारली. थोरली दात बसवायची ते ओळीत, सरळ, एकसारखे, बघणाऱ्याने नावं ठेवू नयेत असे. धाकटी पेशंटचा जुना फोटो मागवून घ्यायची. एखादा दात किंचित वळवायची, एखाद्याची कड जराशी झिजवायची, आणि मग ती कवळी कोणी बनवली आहे असं वाटायचंच नाही, त्या माणसाच्या हिरडीतूनच उगवलीय असं वाटायचं. डॉक्टरांचे फोन यायला लागले, "ही केस त्या धाकट्या बाईंना द्या हं." फोन तपासणीच्या टेबलावर होता. म्हणजे हा निरोप दर वेळी थोरलीनेच घ्यायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि वर गोड आवाजात "हो हो, देते ना" म्हणायचं. फोन ठेवला की तिच्या जबड्याची शीर दुखायची. दुसऱ्यांचे दात तपासणारी बाई दिवसभर स्वतःचे दात आवळून बसायची.

लॅबमध्ये एक नियम होता, बाईंनीच घातलेला. एका महिन्यात तीन लाल शिक्के पडले की त्या माणसाने सहा महिने वरचं टेबल सोडायचं आणि खाली प्लास्टर कालवायला जायचं. नियम कडक होता, पण लॅबचं नाव त्याच्यावर चाललं होतं. त्या महिन्यात धाकटीचे दोन लाल झाले होते. एकात हिरडीचा रंग चुकला होता, दुसऱ्यात बारीक तडा गेला होता. दोन्ही वेळा थोरलीने खरी चूक पकडली होती, आणि दोन्ही वेळा शिक्का मारताना तिचा हात जरा जास्तच जोरात पडला होता. महिना संपायला नऊ दिवस होते. थोरलीने ते दिवस मोजले होते. मोजायचे नाहीत असं ठरवून मोजले होते.

बुधवारी दुपारी धाकटीने एक कवळी तिच्यासमोर आणून ठेवली. वरची आणि खालची, पूर्ण बत्तिशी. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की पेशंट निवृत्त शिक्षिका आहेत, शनिवारी शाळेच्या कार्यक्रमात भाषण करायचं आहे, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवीच.

"ताई, बघता का? मला स्वतःलाच आवडलीय ही," धाकटी म्हणाली.

मला स्वतःलाच आवडलीय! थोरलीने कवळी उचलली आणि यंत्रावर चढवली. हे यंत्र म्हणजे लोखंडी बिजागरीवर बसवलेले प्लास्टरचे दोन जबडे, पेशंटच्या तोंडासारखे उघडतात आणि मिटतात. तिने वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद धरला, जबडा मिटला, उघडला. जिथे दाताला दात लागतो तिथे निळा ठिपका पडतो. डावीकडे ठिपके पडले, उजवीकडे पडले, सगळे एका आकाराचे, एका रंगाचे. तिने कागद बदलून पुन्हा पाहिलं. जबडा आडवा सरकवून पाहिला. कडांवरून बोट फिरवलं, प्रकाशात धरून तडा शोधला, हिरडीचा रंग नमुन्याशी ताडून पाहिला. पाव तास ती चूक शोधत होती आणि त्या पाव तासात तिला कळून चुकलं की एवढी निर्दोष कवळी तिने अकरा वर्षांत तपासलेली नाही, आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीत केलेली तर नाहीच.

समोरचा एक दात असा काही बसवला होता की बघता क्षणी ती शिक्षिका डोळ्यांसमोर उभी राहावी. थोडी कडक, थोडी मिश्किल. हे कुठून येतं हिला, थोरलीच्या मनात आलं. मी शिकवलेलं नाही हे. मला येतच नाही, मी कुठून शिकवणार? आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकटी समोर उभी होती, शाळेतल्या मुलीसारखी, कौतुक ऐकायला.

"उजवीकडे उंच वाटतंय," थोरली म्हणाली.

आपण असं म्हणणार आहोत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. तोंडातून निघालं आणि धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला, आणि थोरलीला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, उन्हातून आल्यावर गार पाणी मिळावं तसं.

"उंच? मी तर तीनदा पाहिलं," धाकटी म्हणाली.

"मागची दाढ. शिक्का नाही मारत मी आत्ता. तू नीट करून आण, मग बघू."

शिक्का मारत नाही म्हणाली त्यातही पाहा किती धूर्तपणा. कागदावर काही नाही, हातावर काही नाही. उद्या कोणी विचारलं तर "मला वाटलं" म्हणायला मोकळी.

"बरं झालं ताई तुम्ही पकडलंत," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच." आणि कवळी उचलून ती आपल्या टेबलाशी गेली. वाद नाही, शंका नाही. थोरलीला वाटलं होतं ती तपासेल, तिला काही सापडणार नाही, ती परत येईल, मग आपण तोंडदेखलं हसून "अगं हो की, मलाच भास झाला" म्हणू आणि हिरवा मारू. तेवढाच एक चिमटा. पण धाकटीने ते शब्द सरकारी हुकमासारखे घेतले होते.

आता न झालेली चूक दुरुस्त करायची म्हणजे काय होतं ते सांगतो. टेबलाचा एक पाय लांब आहे असं कोणी सांगितलं, आणि टेबल मुळात समतोल असलं, तर तुम्ही तो पाय थोडा कापता. टेबल त्या बाजूला कलतं. मग दुसरा कापता. मग तिसरा. कवळीचंही तसंच आहे. निळ्या ठिपक्यांकडे संशयाने पाहिलं की एखादा ठिपका जास्त गडद दिसतोच दिसतो. धाकटीला तो दिसला. तिने मशीन सुरू केलं आणि उजवीकडची दाढ केसभर घासली. मग डावी बाजू उंच झाली.

गुरुवारी सकाळपासून ते मशीन घुर्रर्र करून चालू व्हायचं, थांबायचं, कागद फडफडायचा, पुन्हा चालू व्हायचं. थोरली खिडकीपाशी दुसऱ्या कवळ्या तपासत होती, पण कान तिकडे होते. पहिल्यांदा मशीन थांबलं तेव्हा तिला वाटलं, आता उठावं आणि सांगावं. दुसऱ्यांदा थांबलं तेव्हाही वाटलं. एका वाक्याचं काम होतं. "राहू दे गं, माझंच चुकलं." इतकं साधं वाक्य तिने उच्चारलं नाही, कारण त्याच वेळी फोन वाजला आणि पलीकडून एक डॉक्टर म्हणाले, "ती तुमची जाऊ आहे ना, काय हात आहे हो तिचा! तुम्हाला अभिमान वाटत असेल."

"वाटतो ना," थोरली म्हणाली, आणि मशीन चालू राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी डबा घेऊन तिच्याशेजारी बसली. बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी लागली होती, डोळे लाल झाले होते. "ताई, मला काहीच कळेनासं झालंय. एक बाजू बरोबर केली की दुसरी बिघडते. तुमच्यासारखी नजर मला कधी येणार देव जाणे." थोरलीने तिच्या डब्यात आपली भाजी वाढली. दुसरं काय करणार? तिला त्या मुलीची दया आली आणि त्याच वेळी तिची अशी हरलेली अवस्था बघून आतून गुदगुल्याही झाल्या. माणसाच्या पोटात दोन्ही एकदम मावतं, आणि ते काही छान लक्षण नाही.

तीन वाजता कवळी परत तपासणीच्या टेबलावर आली. थोरलीने ती यंत्रावर चढवली आणि कागद न लावताच तिला कळलं. दाढांचे उंचवटे घासून सपाट झाले होते. जबडा हवा त्यापेक्षा जास्तच मिटत होता. ही कवळी घातली असती तर त्या शिक्षिकेचे गाल आत गेले असते, हनुवटी नाकाला भिडायला निघाली असती, आणि भाषणात प्रत्येक 'स' शिट्टी वाजवत बाहेर पडला असता. समोरचा तो मिश्किल दात मात्र तसाच होता. त्याला कोणी हात लावला नव्हता.

कवळी आता खरोखरच परत पाठवण्यासारखी होती. कोणालाही दाखवा, कोणीही लालच मारला असता. थोरलीने लाल शिक्का उचलला आणि चिठ्ठीवर मारला. सगळं नियमाप्रमाणे. या वेळी हात जोरात पडला नाही, उलट ठसा इतका फिका उमटला की तिला तो दुसऱ्यांदा मारावा लागला.

धाकटी रडली नाही. तिने कवळी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "बरोबर आहे. बिघडलीच आहे." मग ती आपलं टेबल आवरायला लागली. मेणाच्या सुऱ्या, ब्रश, फोटोंचं पाकीट, सगळं एका डब्यात भरायला लागली, खाली न्यायला. बाजूच्या टेबलावरचा पॉलिशवाला, ज्याला सगळे चकचक्या म्हणायचे, तो उठून तिला दिवा काढायला मदत करायला गेला. बाई आवाज ऐकून आपल्या केबिनमधून बाहेर आल्या. चिठ्ठी पाहिली, कवळी पाहिली, कपाळावर हात मारला.

"काय केलंस हे? इतकं घासलंस कशाला?"

"उजवीकडे उंच होतं बाई. ताईंनी पकडलं म्हणून, नाहीतर तशीच गेली असती. दुरुस्त करता करता माझ्याकडूनच बिघडली. ताईंनी तर काल शिक्कासुद्धा नाही मारला, संधी दिली मला. मलाच जमलं नाही."

झालं. शिव्या दिल्या असत्या तर थोरलीने त्या झेलल्या असत्या, उलट चार दिल्या असत्या. हे आभार तिला झेपले नाहीत.

"उंच नव्हतं," थोरली म्हणाली.

बाईंनी वळून पाहिलं. "काय?"

"काल कवळी बरोबर होती. कुठेच उंच नव्हती. मी खोटं सांगितलं."

मग बाई हसल्या. खरंच हसल्या, समजूतदार, थकलेलं हसू. "पुरे. जावेवर पांघरूण घालायला निघालीस होय? अगं, नियम सगळ्यांना सारखा. पण तुझं मन मोठं आहे, हे मानलं."

"नाही ताई, असं नका करू," धाकटी घाईघाईने पुढे आली. "माझ्यापायी तुमचं नाव कशाला खराब करताय? मी जाते ना खाली. सहा महिने काय, पटकन जातील."

चकचक्याने मान हलवली. "अशी जाऊ मिळायला भाग्य लागतं."

थोरली या तिघांकडे बघत राहिली. तिने उघड उघड कबुली दिली होती आणि तिच्या पदरात कौतुक पडलं होतं. आयुष्यभर कमावलेली पत आता तिच्याच आड येत होती. ती खोटं बोलेल हे कोणाला खरंच वाटेना, आणि का वाटावं? तिने खोटं बोलायचं कारण त्यांच्यापैकी कोणाला ठाऊकच नव्हतं. ते कारण सांगितल्याखेरीज सुटका नव्हती, आणि ते सांगण्यापेक्षा तिला जन्मभर प्लास्टर कालवणं परवडलं असतं. गप्प बसायचं म्हटलं तर सगळं जागच्या जागी होतं. धाकटी खाली, ती स्वतः वर, मोठ्या मनाची म्हणून डोक्यावर आणखी एक तुरा. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

"मी जळते हिच्यावर," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ऐकताय ना बाई? हेवा वाटतो मला हिचा. हिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, डॉक्टर हिला मागतात, आणि ते फोन मला घ्यावे लागतात. घरी सासूबाई हिने केलेल्या दातांनी हसतात. काल ती कवळी पाहिली, तशी मला सात जन्मांत जमणार नाही, म्हणून म्हटलं उंच आहे. हिचा चेहरा पडलेला बघायचा होता मला. तेवढ्यासाठी. आणि आज सकाळपासून मशीन ऐकत बसले मी, थांबवलं नाही."

आता कोणी हसलं नाही. धाकटीने हातातला डबा हळूच टेबलावर ठेवला. तिचा चेहरा पडला नाही, रागावलाही नाही. तो नुसता बंद झाला.

"आणि आधीचे दोन लाल?" बाईंनी विचारलं.

"ते खरे होते."

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच. त्या 'हं'मध्ये अकरा वर्षं वाहून गेली.

मग बाईंनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली आणि थोरलीच्या समोर बसून डॉक्टरांना फोन लावला. "चूक आमच्या तपासणीत झाली आहे, करणाऱ्याची नाही. कवळी पुन्हा करतोय. शुक्रवारी नाही, शनिवारी सकाळी देऊ." फोनवरून काय बोलणी खावी लागली ती त्यांनी कोणाला सांगितली नाहीत. थोरलीने शिक्क्यांची पेटी त्यांच्याकडे सरकवली, तशी त्यांनी ती परत सरकवली. "ही खुर्ची सोडून पळायचं नाही. नजर तुझीच चांगली आहे, हेच तर दुखणं आहे. बस इथे आणि काम कर."

धाकटीने तीच कवळी पुन्हा उभी केली. शनिवारी सकाळी बाईंनी स्वतः तपासून ती पाठवली. शिक्षिकेचं भाषण चांगलं झालं असं नंतर कळलं. घरी दोघी एका स्वयंपाकघरात पूर्वीसारख्याच वावरत होत्या. मीठ मागत होत्या, मीठ देत होत्या. सासूबाईंना काही कळलं नाही, म्हणजे त्यांनी कळल्याचं दाखवलं नाही.

मंगळवारी धाकटीने नवी कवळी तपासणीला आणली. थोरलीने ती यंत्रावर चढवली, निळा कागद धरला, जबडा मिटला. डावीकडे, पुढून तिसऱ्या दातावर एक ठिपका गडद पडला. तिने कागद बदलला. पुन्हा तोच. आडवा सरकवून पाहिला, तरी तोच. बारीक होता, पण होता.

"डावीकडे लागतंय," ती म्हणाली. "सुळ्याला."

एक वेळ अशी होती की धाकटी एवढं ऐकून निघाली असती. आज तिने हात पुढे केला. "बघू," म्हणाली, आणि थोरलीच्या हातून यंत्र घेऊन आपल्या टेबलाशी गेली. तिने नवा कागद काढला. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग चकचक्याला बोलावलं आणि त्याला पाहायला सांगितलं. त्याने डोळे बारीक केले आणि मान तिरकी करून पाहिली. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलली.

थोरली हात मांडीवर ठेवून बसली होती. ती खरं बोलली होती, आणि ते खरं आहे की नाही हे तिकडे ठरत होतं. एवढ्या लांबूनसुद्धा तिला दिसत होतं की समोरचे दात किती सुरेख बसलेत, आणि पोटात तीच जुनी कळ उठली. दहा मिनिटांनी धाकटी परत आली.

"आहे," ती म्हणाली. "थोडं आहे. करून आणते, मग बाईंनाही एकदा दाखवते."

"दाखव," थोरली म्हणाली.